टाइट एंडला आवरायचं कसं? एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) नव्याने बघणाऱ्यांसाठी, डिफेन्सच्या बाजूने

ऑक्टोबर २०२२ मधे लास व्हेगास रेडर्सविरुद्ध ट्रॅव्हिस केल्सी या टाइट एंडने अख्ख्या मॅचमधे फक्त २५ यार्ड केले, पण टचडाउन (बॉल एंड झोनमधे, म्हणजे समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेणे) मारले ४, आणि कॅन्सस सिटी चीफ्स ३०-२९ ने जिंकले. त्याच्या दीड वर्ष आधी, फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमधे (सीझनच्या फायनलमधे) याच केल्सीने १० कॅच घेऊन १३३ यार्ड केले आणि चीफ्सना एकसुद्धा टचडाउन मिळाला नाही, टॅम्पा बे बकनियर्सकडून ३१-९ असा मार खाल्ला. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. टॉपच्या टाइट एंडला कुणी 'बंद' करत नाही, तसा विचारच सोडून द्या. तो बॉल पकडणारच आहे, फक्त कुठे पकडेल, कधी पकडेल आणि पकडल्यावर किती पळेल हे डिफेन्सने ठरवायचं, त्याने नाही. सेट झालेल्या बॅट्समनला कॅप्टन फील्ड पसरवून सिंगल देत राहतो आणि समोरच्या एंडला विकेट काढतो ना, तसलाच हिशोब.

खाली पायऱ्या लिहिल्यात त्या तुम्हीच डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (डिफेन्सचे डाव आखणारा कोच) आहात असं धरून. सोफ्यावर बसून बघणाऱ्यालाही उपयोगी पडतील, आणि भारतातून सोमवारी पहाटे पाचला उठून सुपर बोल बघणाऱ्या मंडळींना तर जास्तच, कारण एवढी झोप मोडून नुसता बॉल कुठे गेला तेवढंच बघायचं म्हणजे पैसे फुकट.

आधी माणूस ओळखा

टाइट एंड म्हणजे ऑफेन्सच्या (बॉल ज्यांच्याकडे त्या टीमच्या) लाइनच्या टोकाला, टॅकलच्या (लाइनमधल्या कडेच्या ब्लॉकरच्या) शेजारी उभा राहणारा. काम दोन: रन प्ले (बॉल हातात घेऊन पळणे) असेल तर ब्लॉक करायचं, म्हणजे समोरच्याला ढकलून अडवायचं, पास असेल तर पळत जाऊन बॉल पकडायचा. अंगापिंडाने धिप्पाड. केल्सी ६ फूट ५ इंच, वजन ११३ किलोच्या आसपास, रॉब ग्रॉन्काउस्की तर ६ फूट ६ इंच आणि त्याहून जाड. आता याच्यासमोर उभं कोणाला करणार? लाइनबॅकर (डिफेन्सच्या पुढच्या फळीमागचा) ताकदीला पुरतो पण पळण्यात मागे पडतो. कॉर्नरबॅक (कडेला पास पकडणाऱ्यावरचा डिफेंडर) पळण्यात पुरतो पण उंचीत आणि वजनात मार खातो. सेफ्टी (सगळ्यात मागचा डिफेंडर) या दोघांच्या मधला, म्हणून बहुतेक वेळा सेफ्टीवर येऊन थांबतं, पण सेफ्टीला इकडे आणलं की मागची खोल जागा सांभाळायला एक माणूस कमी. म्हणजे कुठूनही पांघरूण ओढा, पाय उघडेच.

त्यात सगळे टाइट एंड एकसारखे नसतात. केल्सी शाळेत असताना क्वार्टरबॅक (पास टाकणारा) होता, त्यामुळे तो डिफेन्स वाचतो आणि मोकळी जागा शोधून तिथे जाऊन उभा राहतो. जॉर्ज किटल ब्लॉकिंगमधे राक्षस आहे आणि बॉल हातात आल्यावर माणसांना ओढत नेतो. अँटोनियो गेट्स कॉलेजात फुटबॉल खेळलाच नव्हता, बास्केटबॉलवाला, पाठ लावून माणूस अडवायचा आणि उडी मारून बॉल काढायचा. त्याने करिअरमधे ११६ टचडाउन पकडले, टाइट एंडमधे सगळ्यात जास्त. मग प्लॅन सगळ्यांसाठी एकच कसा चालेल.

पायरी १: मैदानात कोण उतरतंय ते बघा

हे नवीन लोकांच्या लक्षातच येत नाही. प्रत्येक डाउनच्या (१० यार्ड जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी एकाच्या) आधी ऑफेन्स माणसं बदलतं आणि ते बघून डिफेन्सही बदलतं. दोन टाइट एंड आले की डिफेन्सला वाटतं आता रन येणार, मग जाड माणसं आत घ्यायची. नेमका इथेच गळ टाकलेला असतो.

फेब्रुवारी २०१९ चा सुपर बोल काढून बघा, पॅट्रियट्स विरुद्ध रॅम्स. चौथ्या क्वार्टरपर्यंत स्कोअर ३-३, म्हणजे बघणारे जांभया देतायत. मग पॅट्रियट्सनी दोन टाइट एंड आणि एक फुलबॅक (पळणाऱ्याला वाट काढून देणारा) असा जड संच उतरवला, रॅम्सनीही त्याला साजेशी जड माणसं आणली आणि पॅट्रियट्सनी तेच लोक मैदानाच्या रुंदीवर पसरवून पास टाकायला सुरुवात केली. ग्रॉन्काउस्कीला १८ यार्ड, मग एडेलमनला १३, मग बर्कहेडला ७, मग परत ग्रॉन्काउस्की २९ यार्ड, थेट २ यार्डच्या रेषेवर. पुढच्याच प्लेला टचडाउन. मॅच संपली १३-३ अशी. त्या अख्ख्या ड्राइव्हमधे कुठलीही जादू नव्हती, फक्त चुकीच्या मापाचे डिफेंडर चुकीच्या जागी उभे होते आणि पॅट्रियट्सचा क्वार्टरबॅक ब्रेडी याने घाई करून त्यांना बदलू दिलं नाही.

म्हणून टाइट एंड खरोखर भारी असेल तर त्याला कागदावर टाइट एंड मोजूच नका, तिसरा रिसीव्हर (पास पकडणारा) मोजा आणि एक जादा डिफेन्सिव्ह बॅक आत ठेवा, ज्याला निकेल म्हणतात. रनमधे चार-पाच यार्ड जास्त जातील, जाऊ द्या. किटलसारखा ब्लॉकर असेल तर मात्र हे महागात पडतं, तिथे जरा हात राखून.

पायरी २: उभा कुठे राहिलाय

हात जमिनीवर टेकवून लाइनला चिकटून उभा असेल तर तुमच्यासाठी बरं, कारण त्याच्या नाकासमोर तुमचा डिफेन्सिव्ह एंड किंवा आउटसाइड लाइनबॅकर आहे, धक्का देता येतो. स्लॉटमधे (लाइन आणि कडेचा रिसीव्हर यांच्या मधल्या जागेत) दोन पायांवर उभा असेल तर त्याला सुटायला जागा मिळते. आणि एका बाजूला तीन रिसीव्हर, दुसऱ्या बाजूला हा एकटाच असेल तर सावध व्हा, ऑफेन्स तुम्हाला प्रश्न विचारतंय: याच्यावर कॉर्नर पाठवणार की सेफ्टी? कॉर्नर गेला तर तुम्ही बहुतेक झोन (प्रत्येकाने आपापली जागा राखायची) खेळताय, सेफ्टी किंवा लाइनबॅकर त्याच्यामागे बाहेर गेला तर मॅन (प्रत्येकाने एकेक माणूस धरायचा). क्वार्टरबॅकला स्नॅपच्या (बॉल मागे देऊन प्ले सुरू होण्याच्या) आधीच उत्तर मिळालं. मोशनचंही तेच, टाइट एंड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला चालत गेला आणि त्याच्यामागे एक डिफेंडर पळत गेला तर चोरी पकडली गेली. यावर उपाय म्हणजे कधीकधी झोन असतानाही मुद्दाम मागे पळायचं.

पायरी ३: पहिले ५ यार्ड फुकट सोडू नका

मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि टीव्हीवर सगळ्यात कमी दिसणारीही हीच.

नियम असा आहे की लाइनपासून (बॉल ठेवलेल्या रेषेपासून) ५ यार्डपर्यंत डिफेंडर रिसीव्हरला समोरून धक्का देऊ शकतो, अडवू शकतो. त्याच्या पुढे गेल्यावर, क्वार्टरबॅक बॉल घेऊन पॉकेटमधे (आपल्या ब्लॉकरच्या कड्यात) असेपर्यंत, हात लावून अडवलं तर फ्लॅग पडतो, म्हणजे पेनल्टी: ५ यार्ड आणि वर आपोआप फर्स्ट डाउन (नव्याने चार प्रयत्न). त्यामुळे जे काही करायचं ते या ५ यार्डांत.

का करायचं? कारण पास म्हणजे वेळेचा खेळ. क्वार्टरबॅक तीन किंवा पाच पावलं मागे जातो आणि शेवटचं पाऊल टेकलं की टाइट एंड ठरलेल्या जागी वळलेला असायला हवा. त्याला अर्धा सेकंद उशीर झाला की क्वार्टरबॅक दुसरीकडे बघतो किंवा बॉल धरून बसतो आणि तेवढ्यात तुमचा पास रश (क्वार्टरबॅकवर धावून जाणारे डिफेंडर) पोचतो.

धक्का देण्याची पद्धतही आहे. अंग झोकून द्यायचं नाही. नवशिका डिफेंडर पुढे झेपावतो, टाइट एंड खांदा वळवतो, हाताने त्याचा हात खाली झटकतो आणि निघून जातो, मग मागे उरतं फक्त त्याच्या पाठीवरचा नंबर वाचणं. पाय चालू ठेवायचे, गुडघे वाकलेले, त्याला यायचं ते येऊ द्यायचं आणि आतल्या बाजूचा हात त्याच्या छातीवर, त्याने ज्या बाजूला जायचं ठरवलंय ती बाजू बंद करायची. जिंकायचं नाहीये, उशीर करायचाय.

लाइनला चिकटून उभा असेल तर अजून सोपं: डिफेन्सिव्ह एंड क्वार्टरबॅककडे जाताजाता त्याला एक दणका देऊन जातो. किंमत इतकीच की तुमच्या रशरचाही थोडा वेळ जातो. पॅट्रियट्सचा तेव्हाचा कोच बिल बेलिचिक याने २००२ च्या सुपर बोलमधे रॅम्सच्या मार्शल फॉकवर हाच प्रयोग केला होता. फॉक रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा), टाइट एंड नाही, पण तत्त्व तेच, बॉल त्याच्याकडे असो नसो, प्रत्येक वेळी बाहेर पडताना त्याला कुणीतरी आदळलंच पाहिजे. १४ पॉइंटांनी हरतील म्हणून धरलेले पॅट्रियट्स २०-१७ ने जिंकले.

हे केलं नाही तर काय होतं त्याचा नमुना म्हणजे २३ जानेवारी २०२२, बफेलो बिल्स विरुद्ध चीफ्स. बिल्स ३६-३३ ने पुढे, घड्याळात १३ सेकंद, चीफ्स स्वतःच्या २५ यार्डवर. बिल्सनी कडेच्या रेषा आणि खोल जागा राखल्या, पण चीफ्सकडे तिन्ही टाइमआउट शिल्लक होते, म्हणजे त्यांना बॉल कडेला नेऊन घड्याळ थांबवायची गरजच नव्हती! पहिला पास रिसीव्हर टायरीक हिलला, १९ यार्ड. दुसरा केल्सीला. लाइनवर त्याला कुणी हात लावला नाही, मधली जागा मोकळी, तो सरळ त्या मोकळ्या जागेत पळाला आणि २५ यार्ड. मग ४९ यार्डांचा फील्ड गोल (किक मारून ३ पॉइंट), बरोबरी, आणि ओव्हरटाइममधे ८ यार्डांचा टचडाउन, तोही केल्सीचाच. ४२-३६. बिल्सच्या चाहत्यांसमोर आजही '१३ सेकंद' एवढंच म्हणा, चेहरा उतरतो. एकाने लाइनवर केल्सीला नुसतं धरून ढकललं असतं तरी दोन-तीन सेकंद खाल्ले असते, आणि तिथे सगळी मॅच सेकंदांवरच उभी होती.

पायरी ४: त्याला खोटं उत्तर द्या

केल्सीसारख्यांचे बरेच रूट (पळायच्या वाटा) पक्के नसतात. दहा-बारा यार्ड जायचं आणि समोरचा डिफेंडर आतल्या बाजूला असेल तर बाहेर वळायचं, बाहेर असेल तर आत, आणि झोन असेल तर दोन डिफेंडरच्या मधल्या भोकात थांबून क्वार्टरबॅककडे तोंड करायचं. म्हणजे तुम्ही कुठे उभे आहात ते बघून तो ठरवतो. याच्याशी लढताना 'आपण बरोबर जागी उभे राहू' असा विचार चालत नाही, कारण कुठेही उभे राहिलात तरी त्याच्याकडे त्याचं उत्तर आहे.

मग करायचं काय, तर आतली बाजू दाखवायची आणि मदत बाहेर ठेवायची. समजा सेफ्टी आतल्या बाजूने केल्सीला चिकटला, केल्सीला वाटतं बाहेर मोकळं आहे, तो बाहेर वळतो, आणि बाहेर फ्लॅटमधे (लाइनजवळच्या कडेच्या जागेत) उतरलेला कॉर्नर तिथे आधीच वाट बघत असतो. किंवा स्नॅपच्या आधी दोन सेफ्टी खोल दाखवायचे आणि स्नॅप झाल्या झाल्या एकाने खाली धावत येऊन मधल्या जागेत लपायचं, ज्याला रॉबर म्हणतात. दर वेळी एकच सोंग केलंत तर तिसऱ्या ड्राइव्हपर्यंत ते ओळखतात.

झोनमधे खेळणाऱ्या लाइनबॅकरला एक सूचना: जागेवर उभं राहून रिकामी जागा राखू नका. रिकाम्या जागेला कुणी पास टाकत नाही. मान फिरवा, माणूस शोधा, त्याच्या अंगाला लागून उभे राहा.

मॅन खेळताना त्याच्या डोळ्यांकडे किंवा खांद्यांकडे बघायचं नाही, कमरेकडे बघायचं. डोकं आणि हात फसवतात, कंबर ज्या दिशेला वळते तिकडेच माणूस जातो. आणि बॉल हवेत असताना आपण मागे पडलो असू तर मागे वळून बॉल शोधत बसू नका, त्याचे हात वर गेले की आपला हात त्याच्या दोन हातांच्या मधे घालून खाली ओढायचा. आधीच अंगावर गेलात तर पास इंटरफेरन्स, आणि त्यात बॉल जिथे पडायचा तिथेच फर्स्ट डाउन, मग ते ३० यार्ड असोत नाहीतर ४०.

पायरी ५: डबल करा, पण हिशोब मांडून

मैदानात तुमचे ११. चौघे क्वार्टरबॅकमागे गेले, उरले ७. ऑफेन्सकडे पास घेऊ शकणारे ५. म्हणजे तुमच्याकडे जादा माणसं फक्त दोन. एक खोल सेफ्टी म्हणून ठेवला तर टाइट एंडवर दुसरा माणूस टाकायला उरतो एकच. आणि पाच जणांचा ब्लिट्झ (नेहमीच्या चौघांपेक्षा जास्त जण क्वार्टरबॅकवर पाठवणे) केलात तर तोही गेला. त्यामुळे 'डबल का करत नाहीत याला' असं ओरडण्याआधी बोटं मोजा.

जानेवारी २०१९ च्या एएफसी (एनएफएलच्या दोन गटांपैकी एक) फायनलमधे पॅट्रियट्सनी उलटा विचार केला. जादा माणूस टायरीक हिलवर लावला आणि केल्सीवर जे. सी. जॅक्सन हा कॉर्नर एकटा सोडला. केल्सीचे ३ कॅच, २३ यार्ड. एक टचडाउन दिला खरा, तोही जॅक्सनच्या डोक्यावरून, पण पॅट्रियट्स ३७-३१ ने ओव्हरटाइममधे जिंकले. पुढे २०२२ च्या सीझनआधी हिल मायामीला गेला तेव्हा सगळे म्हणाले आता केल्सीला डबल करायला मोकळे. त्या सीझनला केल्सीने ११० कॅच, १३३८ यार्ड आणि १२ टचडाउन केले, घ्या.

माझं मत: दर प्लेला डबल करू नका. थर्ड डाउनला, जेव्हा ४ ते ८ यार्ड हवेत, तेव्हा करा, कारण क्वार्टरबॅक डोळे मिटून त्याच्याकडेच जातो. फर्स्ट आणि सेकंड डाउनला त्याने समोर ६-७ यार्ड घेतले तर घेऊ द्या.

पायरी ६: खरं कव्हरेज पुढे असतं

फेब्रुवारी २०२५, सुपर बोल, ईगल्स ४०, चीफ्स २२. ईगल्सचा कोऑर्डिनेटर व्हिक फॅन्जिओ याने अख्ख्या मॅचमधे एकदाही ब्लिट्झ केला नाही. चौघेच पुढे, बाकी सात मागे, आणि त्या चौघांनीच चीफ्सचा क्वार्टरबॅक माहोम्स याचं जगणं मुश्कील केलं, ६ सॅक (बॉल टाकायच्या आत त्याला पाडणे). हाफटाइमला २४-०. केल्सीचे ४ कॅच, ३९ यार्ड, तेही बरेचसे मॅच हातातून गेल्यावर. कुणी त्याला बांधून ठेवला नव्हता, पण त्याचा रूट पुरा व्हायला वेळच मिळत नव्हता.

वर सांगितलेल्या २०२१ च्या सुपर बोलमधेही बकनियर्सचा तेव्हाचा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर टॉड बोल्स याने दोन सेफ्टी खोल ठेवले, ब्लिट्झ फार कमी, आणि चीफ्सचे दोन्ही नेहमीचे टॅकल दुखापतीने बाहेर असल्यामुळे माहोम्स अख्खी मॅच मागे पळत होता. केल्सीने १३३ यार्ड केले. बोल्सला बहुतेक त्याचं काही वाटलं नसावं.

पायरी ७: गोललाइनजवळ सगळं उलटं

शेवटच्या २० यार्डांत वर सांगितलेलं 'घेऊ द्या' बंद. तिथे मागची रेषा तुमची जादा डिफेंडर आहे, खोल जागाच नाही, म्हणून सेफ्टी पुढे येऊ शकतो आणि आता डबल स्वस्त पडतं. रेडर्सविरुद्धचे ते ४ टचडाउन आठवा, २५ यार्डांत ४, म्हणजे सगळी कमाई दाराशी. इथे त्याला आतल्या बाजूला मोकळं सोडायचं नाही, कारण छोट्या जागेत तो पाठ लावून उभा राहिला की मागून बॉलपर्यंत हात पोचत नाही. आतून आणि बाहेरून असे दोघे लावा.

आणि ब्लॉक करून मग हळूच सुटणारा टाइट एंड विसरू नका. तो एक-दोन क्षण ब्लॉक करतो, तुमचा लाइनबॅकर रन समजून पुढे धावतो आणि हा त्याच्या मागून एकटा चालत एंड झोनमधे. ज्याच्या वाट्याला टाइट एंड आहे त्याने रन दिसला तरी टाइट एंडलाच बघायचं, रन थांबवायला बाकीचे दहा जण आहेत.

पायरी ८: पकडला, आता पाडा

डिसेंबर २०१९, फोर्टीनाइनर्स विरुद्ध सेंट्स, शेवटचं मिनिट, फोर्थ डाउन आणि २ यार्ड हवेत. किटलला छोटासा पास. तो २ नाही तर ३९ यार्ड गेला, सेफ्टी त्याच्या हेल्मेटची जाळी धरून लोंबकळतोय आणि हा चाललाच आहे, वर त्या फेसमास्कचे १५ यार्ड पेनल्टी म्हणून मिळाले ते वेगळेच. फील्ड गोल, ४८-४६. असल्या माणसाला खांद्याला किंवा मानेला धरून पाडता येत नाही. मांड्यांना मिठी मारायची, दोन्ही हात घट्ट, आणि पडेपर्यंत सोडायचं नाही. एकट्याने पाडायची हौस नको, पहिल्याने पाय धरायचे, दुसऱ्याने येऊन आदळायचं, म्हणून बाकीच्यांनीही बॉलकडे धावत राहायचं.

बघायला बसताना

टीव्हीचा कॅमेरा बॉलमागे फिरतो, त्यामुळे खोल सेफ्टी बऱ्याचदा फ्रेममधे नसतात. वरून घेतलेलं, २२ जण एकदम दिसणारं फुटेज मिळालं तर त्यावर बघा. नाहीच मिळालं तर स्नॅपच्या आधीच्या पाच सेकंदांत टाइट एंड शोधा, त्याच्यासमोर कोण आहे बघा, आणि स्नॅप झाल्यावर पहिली दोन पावलं फक्त त्यालाच बघा. धक्का बसला की नाही तेवढं कळलं तरी प्ले कुठे जाणार याचा अंदाज यायला लागतो. सुरुवातीला बिल्सची ती मॅच आणि ईगल्सची ही, दोन्ही लागोपाठ लावा, आणि दोन्हीत केल्सीच्या ८७ नंबरच्या जर्सीवरून नजर हलवू नका.